खरकटं कपाट

आमच्या विद्यापीठाचं मुख्य ग्रंथालय तिसऱ्या मजल्यावर आहे. पण मी जिच्यासाठी भांडले ती खोली तळमजल्यावर होती, हॉटेल मॅनेजमेंटची मुलं जिथं स्वयंपाक शिकतात त्या स्वयंपाकघराला अगदी लागून. दारावर ‘आतिथ्य व पर्यटन संदर्भ कक्ष’ अशी भारदस्त पाटी होती. मुलं तिला ‘बंद खोली’ म्हणायची. खरं तर ती बंद नसायची. शिपाई सकाळी कुलूप काढायचा, संध्याकाळी लावायचा, आणि मधल्या वेळात तिकडं कुणी फिरकायचं नाही.

मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच उन्हाळ्यात ग्रंथालय समितीची बैठक लागली. समितीचे अध्यक्ष म्हणजे यांत्रिकी विभागाचे प्रमुख. निवृत्तीला आलेले, आवाज कधीही न चढवणारे, आणि शिकवायला लागण्याआधी भोसरीतल्या कारखान्यात बरीच वर्षं काढलेले. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, ती खोली वाया चाललीय. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीची लॅब टाकायचीय मला. मशीन जड आहेत, वर चढवता येत नाहीत, तळमजलाच पाहिजे. तुमची पुस्तकं कुणी वापरतंय असं दिसलं तर खोली तुमची. नाहीतर दसऱ्याचा मुहूर्त धरून ठेवलाय मी.”

त्यावर समितीतलंच कुणीतरी म्हणालं, “भांडी घासायला पुस्तकं कशाला लागतात?” सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत, पण त्यांनी कुणाला अडवलंही नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोवर त्या अभ्यासक्रमाबद्दल मला काही फार जिव्हाळा होता अशातला भाग नाही. पण त्या हसण्यानंतर मी तिथल्या तिथं ठरवलं, की ही खोली मी द्यायची नाही.

मी रावेतहून रोज स्कूटीवर मोशीच्या पुढं जाते. वाटेत दोन्ही बाजूंना काय दिसतं? मंगल कार्यालयं, ढाबे, कंपन्यांच्या कँटीनला जेवण पोचवणारे टेम्पो, आणि परदेशी पाहुण्यांसाठी उभी राहिलेली हॉटेलं, ज्यांच्या मेनूत एका पानावर कोरियन जेवण असतं आणि पुढच्या पानावर मिसळ. या पट्ट्यात तिन्ही शिफ्टला माणसं कामावर जातात आणि तिन्ही शिफ्टला कुणीतरी त्यांना जेवू घालतं. हे काम शिकायला पुस्तक लागत नाही म्हणणारे समितीतले ते गृहस्थ बैठकीच्याच दुपारी स्टाफ कँटीनमध्ये ‘भात कच्चा राहिलाय’ म्हणून कुरकुरत होते. मला फार बरं वाटलं.

आधी मी कपाटं उघडली. काचेची, एकेकाला दोन-दोन कुलपं. आतली पुस्तकं बघून कपाळाला हात लावला. विभाग सुरू झाला तेव्हा तपासणीला पाहुणे यायचे होते, त्यांना भरलेली कपाटं दाखवायची होती, म्हणून पुरवठादारानं त्याच्याकडं जे पडून होतं ते खोकी भरून पाठवलेलं. वाइनवर एक अख्खी रांग. फ्रेंच सॉसवर दुसरी. पर्यटनाच्या कपाटात स्वित्झर्लंड, व्हेनिस, जहाजावरच्या सहली. आणि मावळावर एक पुस्तक नाही, खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरांवर नाही, जुन्नरच्या लेण्यांवर नाही. आमची मुलं शिकून बाहेर पडणार ती चाकणच्या हॉटेलात, नाहीतर लोणावळ्याच्या रिसॉर्टवर. त्यांना व्हेनिसच्या होड्यांचं काय करायचं होतं कुणास ठाऊक.

मी सगळं पहिल्यापासून मांडायला घेतलं. शनिवारी घरी न जाता कँटीनच्या ठेकेदारांना, हॉटेलांच्या मॅनेजरांना जाऊन विचारलं, की तुमच्याकडं येणाऱ्या पोरांना काय येत नाही? सगळीकडं थोड्याफार फरकानं एकच उत्तर मिळालं. चौघांचं करता येतं, चारशेंचं करता येत नाही. स्वच्छतेचे नियम पाठ असतात, हाताला नसतात. पाहुण्याला जवळचा किल्ला कुठला ते सांगता येत नाही. मग मी तसली पुस्तकं शोधली. मोठ्या प्रमाणातला स्वयंपाक, बेकरी, अन्नाची सुरक्षितता, मराठीत जे मिळेल ते आधी, मग सोप्या इंग्रजीतलं. पुस्तक नसलेलंही बरंच जमवलं: हायवेवरच्या ढाब्यांची मेनूकार्डं, कंपनीच्या कँटीनचे आठवड्याचे मेनू, गावच्या जत्रांची पत्रकं, सहली काढणाऱ्यांची माहितीपत्रकं. सगळं फायलींत लावलं, पाठीवर चिठ्ठ्या डकवल्या. कपाटांची कुलपं काढून शिपायाच्या हातात दिली आणि सांगितलं, ही परत दिसता कामा नयेत.

तरीही कुणी आलं नाही. माझा नवरा चाकणला एका कंपनीत टूलरूममध्ये आहे. जेवताना रोज विचारायचा, “काय, आज बोहनी झाली का?” पहिले काही दिवस मी हसायचे. नंतर त्याला आमटीचं भांडं जरा जोरात ठेवून उत्तर द्यायला लागले.

शेवटी मीच उठून शेजारच्या स्वयंपाकघरात गेले. तिथल्या विभागप्रमुखांना सगळे ‘शेफ’ म्हणतात. रत्नागिरीकडचे, पुष्कळ वर्षं जहाजावर काम केलेले, जिभेनं तिखट. मला दारात बघून म्हणाले, “या मॅडम. पुस्तकं विकायला आलात? आमची पोरं वाचणारी नव्हेत हो. बघून शिकतात, चाखून शिकतात.”

“मी फक्त बघायला आलेय,” म्हटलं आणि एक स्टूल ओढून कोपऱ्यात बसले.

बेकरीचं प्रात्यक्षिक चाललं होतं. पाव करायचे होते. प्रत्येकाच्या ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला, आणि मोबाईलवर पुस्तकाच्या पानाचा फोटो. म्हणजे माझ्या खोलीत येऊन कुणीतरी एकानं फोटो काढला होता आणि तो सगळ्यांना पाठवला होता! मी सरसावून बसले. थोड्या वेळानं मोबाईलचे पडदे काळे व्हायला लागले. हात कणकेत बुडालेले. एक मुलगी वाकून नाकाच्या शेंड्यानं पडदा चालू करू पाहत होती. ते काही होईना. तिनं मीठ घातलं की नाही हे तिला आठवेना, म्हणून तिनं परत घातलं. पुढं तिचं पीठ फुगलंच नाही. मी उठून तिच्या मोबाईलमध्ये पाहिलं. फोटोत पानाची शेवटची ओळ कापली गेली होती. पुस्तकात तिथं लिहिलं होतं, पाणी कोमट घ्यावं, गरम घेतलं तर यीस्ट मरतं. तिनं कढत पाणी ओतलं होतं.

“अगं, पुस्तक भिंतीपलीकडं आहे. इथं आणून ठेवत का नाहीस?” मी विचारलं.

ती मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. चाकणजवळच्या गावातली, घरची थोडी शेती, वडील कंपनीत. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच काही भलतं बोलले होते.

“न्हाई मॅडम. असल्या हातानं पुस्तक धरायचं व्हय? खरकटं हाय सगळं.”

“पीठच आहे ते.”

“पीठ, तेल, चव घेतल्याला चमचा. आमच्या आईनं बघितलं तर मारंल मला. आमच्या घरात पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करत्यात. आन आमी काय लोण्याच्या हातानं पानं उलटायची?”

आजूबाजूची मुलं माना डोलवत होती. कुणी बीडकडचं, कुणी सोलापूरचं, कुणी इथलंच, पण या बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. आणि मला त्यांना हसता येईना. माझे वडील धाराशिवकडच्या एका गावात शाळामास्तर होते. जेवताना पुस्तक वाचलं म्हणून मी त्यांच्या हातचा मार खाल्लाय. म्हणजे इतके महिने मी समजत होते की ही मुलं पुस्तकाला किंमत देत नाहीत, आणि इथं प्रकार अगदी उलटा होता. तिला गोंजारावं की तिच्यावर ओरडावं हे मला कळेना.

त्या संध्याकाळी मी ठरवलं. यांचे हात पुस्तकाजोगे होणार नसतील तर पुस्तकं यांच्या हाताजोगी करायची. निवडक पुस्तकांच्या जादा प्रती मागवल्या. जाड प्लास्टिकची वेष्टणं घातली. पाठीवर लाल पट्टी लावून ‘स्वयंपाकघर प्रत’ असं लिहिलं. या प्रती काउंटरवर नोंदवायच्या नाहीत, घरी न्यायच्या नाहीत, आणि खराब झाल्या तर दंड नाही. माझ्या खोलीचं एक आतलं दार स्वयंपाकघरात उघडतं, त्या दाराशी एक कपाट, तिकडून हात पोचेल असं ठेवलं.

शेफ यावरून माझ्याशी कडाकडा भांडले. “तुमच्या पुस्तकाची काळजी तुम्हाला. माझ्या पिठाची कोणी करायची? लोकांनी हाताळलेलं पुस्तक धरायचं नि तेच हात कणकेत घालायचे?” त्यांचंही बरोबर होतं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं एक पाटी लिहून कपाटावर लावली, ‘पुस्तकास हात लावल्यावर हात स्वच्छ धुवावेत.’ मुलं ती पाटी वाचून गोंधळली. पुस्तकाला हात लावायच्या आधी धुवायचे हे त्यांना जन्मापासून माहीत होतं. नंतर धुवायचे हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

बेकरीचं पुस्तक मी स्वतः त्या मुलीच्या हातात दिलं आणि म्हटलं, हे आता इथलंच.

पुढच्या आठवड्यात गेले तर पुस्तक कपाटात नव्हतं. मला वाटलं, वा! ओट्यांवर पाहिलं, तिथंही नव्हतं. मग त्या मुलीनं वर बोट केलं. भट्टीच्या वरच्या भिंतीत एक छोटी देवळी आहे, तिच्यात अन्नपूर्णेची पितळी मूर्ती असते. मूर्तीच्या शेजारी माझं पुस्तक उभं होतं. वर झेंडूचं फूल, समोर उदबत्ती, वेष्टणावर हळदीकुंकवाची बोटं. आतलं एक पान उलटलेलं नव्हतं.

“रोज दिवा लावतो मॅडम,” ती कौतुकानं म्हणाली.

माझा पारा असा चढला की काय सांगू. राग तिच्यावर नव्हता, पण निघाला तिच्यावरच. “देवपूजेला दिलं होतं का मी? खाली काढ ते!” तिचे डोळे भरून आले. शेफ तव्यावरचं लक्ष काढून माझ्याकडं बघत राहिले.

मग मी जे केलं ते ठरवून केलं नव्हतं. पदर खोचला, ओट्यावर मैदा ओतला, यीस्ट, साखर, पाणी घातलं आणि मळायला लागले. पुस्तक शेजारी उघडं ठेवलं. मला घरच्या पोळ्या येतात, पाव कधी केलेला नव्हता. एका ठिकाणी अडले, पुढची कृती पानाच्या मागच्या बाजूला होती. हात चिकट, बोटांना पीठ. सगळी मुलं भोवती जमलेली. माझा स्वतःचा हात पानापाशी जाऊन थांबला. मला वडील दिसले, खरंच सांगते. तरी मी अंगठा पानाच्या कडेवर टेकवला आणि पान उलटलं. कागदावर पिठाचा पूर्ण ठसा उठला.

मी मोठ्यानं पुढची ओळ वाचली आणि मळत राहिले. माझे पाव चपटे झाले, पण शेफनी एक मोडून खाल्ला आणि म्हणाले, “चालेल.” त्यांच्याकडून एवढंही पुष्कळ होतं. जाताना मागं वळून पाहिलं तर ती मुलगी पुस्तकावर वाकली होती आणि माझ्या ठशाशेजारी आपलं बोट नुसतं धरून पाहत होती.

तिथून ते सुरू झालं. आधी एका पानावर, मग दुसऱ्यावर. कपाटाला मुलांनी नाव दिलं ‘खरकटं कपाट’, आणि मला ते माझ्या भारदस्त पाटीपेक्षा कितीतरी आवडलं. “खरकट्यातलं निळं पुस्तक दे,” असं कुणीही ओरडायचं आणि कुणीही द्यायचं. अवघड इंग्रजी शब्दांवर मराठी चिठ्ठ्या चिकटल्या. समासात पेन्सिलीनं शेरे आले: ‘आपल्याकडचा मैदा पाणी जास्त पितो’, ‘इथं शेफ ओरडतात’. पर्यटनाची मुलंही यायला लागली, कारण किल्ल्यांच्या फायली त्याच कपाटात होत्या आणि शेजारी ताजे पाव होते. त्यामागचं खरं कारण कुठलं ते मी कधी विचारलं नाही.

आणि मला खरेदीची एक नवीच रीत सापडली. महिन्याच्या शेवटी मी ती पुस्तकं पानन् पान बघायची. फ्रेंच सॉसचं प्रकरण होतं तसं पांढरंशुभ्र. शंभर माणसांच्या डाळीचं पान हळदीनं पिवळं धमक. तेल तापवण्याच्या तक्त्यावर तेलाचेच डाग. बिर्याणीचं पान तर मसाल्यानं इतकं जाड झालेलं की ते आपोआप उघडायचं. डाग जिथं जास्त, त्या विषयावर आणखी पुस्तकं मागवायची, एवढं सोपं होतं. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात मला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण माझा संग्रह त्या डागांवरच उभा राहिला. इतकी खूश मी नोकरीत कधीच नव्हते.

नवरात्राच्या तोंडावर बैठक लागली. वापराचा अहवाल संगणकातून निघतो. काउंटरवर जे पुस्तक नोंदवलं जातं, तेच वापरलं असं संगणक धरतो. आणि खरकट्या कपाटातलं एकही पुस्तक कधी नोंदवलेलंच नव्हतं, तसा नियम मीच केला होता. सगळ्यात जास्त वापरलेल्या पुस्तकांपुढं शून्य आलं होतं.

बैठकीच्या आधी काउंटरवरचा सहकारी हळूच म्हणाला, “मॅडम, अजून वेळ आहे. सगळी पुस्तकं स्कॅनरखालून दोन-चारदा काढतो. आकडा येईल.” मला मोह झाला. पण खोटा आकडा दाखवून खोली ठेवली असती तर ती पानं कुणीच उघडून बघितली नसती, आणि मला ती बघायला लावायची होती. मी त्याला नको म्हटलं आणि सगळ्या समितीला खाली घेऊन गेले.

अध्यक्षांच्या हातात बिर्याणीचं पुस्तक दिलं. ते उघडायला गेले तर त्यातली गुलाबजामची दोन पानं पाकानं चिकटलेली. त्यांनी ती नखानं सोडवली. मी बोलत होते, हे पान का पिवळं, हे का पारदर्शक झालंय, डाग बघून मी काय काय मागवलं. माझा आवाज चढला होता हे मला कळत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, मी तुम्हाला खोटं पाडत नाही,” ते म्हणाले. “पण उद्या प्रत्येक विभाग मला डाग दाखवायला लागला तर मी काय मोजायचं? कागदावर वापर शून्य आहे. आणि नियमानं बघायचं तर ही पुस्तकं खराब झालेली आहेत.”

निर्णय झाला. खोली लॅबला. चांगल्या प्रती आणि फायली तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर प्रती ग्रंथालयाच्या दप्तरातून कमी करून रद्दीत.

रद्दीत! खोली गेली हे मी गिळलं असतं. पण ती पुस्तकं रद्दीत जाणार, बिर्याणीचं पान कुठल्यातरी गाडीवर भेळेखाली जाणार, हे मला सहन होईना. त्या संध्याकाळी मोशीच्या चौकात सिग्नलला थांबले होते आणि हेल्मेटच्या काचेआड रडत होते. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, “ताई, सिग्नल सुटला.” मी डोळे पुसले आणि घरी न जाता स्कूटी वळवून परत विद्यापीठात आले.

शेफ ओटे पुसून घेत होते. मी म्हटलं, “दप्तरातून कमी केलेली पुस्तकं विभागाला मागून घेता येतात. तुम्ही मागितलीत तर ती रद्दीत जाणार नाहीत. पण ठेवायला खोली नाही आता.”

त्यांनी ओल्या फडक्यानं हात पुसले, भट्टीशेजारची मसाल्याच्या बरण्यांची मांडणी रिकामी केली, बरण्या खाली ओट्याखाली लावल्या आणि रिकाम्या फळ्यांवर हात आपटून म्हणाले, “इथं मावतील?” मी दुसऱ्या दिवशी अध्यक्षांकडं गेले. ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, “कमी केल्यावर कुठं जातात ते मी बघत नाही.” मुलांनी ती पुस्तकं हातोहात भिंतीपलीकडं नेली. मी दाराशी उभी राहून माझी रिकामी कपाटं पाहत होते. खोली मी गमावली होती, आणि त्याचं वाईट वाटायचं काही थांबत नव्हतं.

आमच्या पट्ट्यात खंडेनवमी म्हणजे मोठा सण. त्या दिवशी प्रत्येक कंपनीत मशीन बंद ठेवतात, पुसून-धुऊन त्यांची पूजा करतात. सकाळी मी तिसऱ्या मजल्यावर सरस्वतीची पूजा मांडली, नवी कोरी पुस्तकं, पांढरं कापड, सगळं रीतीप्रमाणं. मग खाली लॅबच्या पूजेचं बोलावणं आलं. जायचं जिवावर आलं होतं, पण गेले. माझ्या खोलीत आता बॅटरी तपासायचं भलंमोठं मशीन होतं, त्याला झेंडूचा हार. दारावरची जुनी पाटी काढलेली, तिच्या स्क्रूची भोकं तेवढी राहिलेली. अध्यक्षांनी स्वतः मला पेढा दिला. मी तो हातात धरून राहिले.

पलीकडून उदबत्तीचा वास आला म्हणून मी स्वयंपाकघरात डोकावले. मोठ्या ओट्यावर पांढरं कापड अंथरलं होतं. त्याच्यावर सुऱ्या, लाटणी, झारे, वजनकाटा, सगळं ओळीनं मांडलेलं. आणि त्या ओळीत, सुऱ्या आणि वजनकाट्याच्या मध्ये, खरकट्या कपाटातली पुस्तकं. आपापल्या सगळ्यात डागाळलेल्या पानावर उघडलेली. त्या पानांवरच हळदीकुंकवाची बोटं उमटवलेली.

मी चटकन म्हणाले, “परत देवात बसवलीत?”

“देवात न्हाई मॅडम.” तीच मुलगी होती. तिनं भट्टीच्या वरच्या देवळीकडं बोट केलं. तिथं नुसती अन्नपूर्णा होती. “देव तिकडं हाय. ही हत्यारात मांडल्यात. हत्यारं आजच्या दिस बंद. मग परत लागनारच हायेत की.”

तेवढ्यात पाठीमागून अध्यक्ष आत आले, प्रसादाला म्हणून. जुना कारखान्यातला माणूस, हात आपोआप कुंकवाच्या करंड्याकडं गेला. ओळीनं निघाले: सुरी, सुरी, लाटणं, झारा. पुस्तकापाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी ते ओळखलं, पाकानं चिकटलेली पानं सोडवली होती तेच होतं. मग त्यांनी बोट कुंकवात बुडवलं आणि पानावर टेकवलं, पुढं वजनकाट्याला लावलं, आणि ओळ पूर्ण केली. निघताना माझ्यापाशी थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, “आमच्या नव्या मशीनची मॅन्युअलं माझ्या केबिनमध्ये कुलपात आहेत. एकाही पानावर डाग नाही.” आणि निघून गेले. मी हातातला पेढा खाल्ला.

दसऱ्यानंतर पहिल्या प्रात्यक्षिकाला मी मुद्दाम गेले. बगलेत दोन नवी पुस्तकं होती, लाल पट्टी लावलेली. स्वयंपाकघरात पहिल्या वर्षाची मुलं आली होती, आणि त्यांना पाव करायला लावून ती चाकणची मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती. एका नव्या मुलीचं पाण्याचं माप चुकलं. पुस्तक समोर उघडं होतं, कुंकवाचं बोट पानावर तसंच होतं. पान उलटून बघायचं म्हणून ती घाबरून कणकेचे हात घेऊन नळाकडं निघाली.

“कुठं चाललीस?” हिनं तिला हटकलं. “पान उलट तशीच. हात आधी न्हाई, नंतर धुवायचे.”